उपाशीपोटी

माझ्या सासूकडे एक काचेची बरणी होती, पूर्वी बिस्किटांची. त्यात ती पित्ताच्या कॅप्सूल भरून ठेवायची. पाकिटातून एकेक सोलून काढायची, चकचकीत कागद केरात टाकायची आणि सकाळी स्वयंपाकघरात येईल त्याच्या तळहातावर एक ठेवायची. उपाशीपोटी. गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. सासरे अल्सर फुटून गेले, तेव्हापासून तिने पित्ताशी उभं वैर मांडलं होतं. कुणाला पित्त होतं का, हे कुणी विचारलंच नाही. मीही लग्न होऊन आले आणि मुकाट्याने हात पुढे केला.

वर्षभरात माझी पाळी थांबली. चाचणी केली, दिवस गेले नव्हते. मग एका सकाळी उठले तर कुर्ता छातीवर ओला. दूध येत होतं.

सासूने धुण्यात तो कुर्ता पाहिला. मला अवाक्षर विचारलं नाही, थेट लेकाकडे गेली. हिला लग्नाआधी मूल झालंय, कुठेतरी टाकून आलीय, असं सांगून मोकळी झाली.

नवरा पोहायला शिकवायचा. तलावावरची पोरं त्याला मासा म्हणत. अलीकडे हा मासा पाण्यात उतरत नव्हता. ढगळ टी-शर्ट घालून काठावरून शिट्टी फुंकायचा, खांदा दुखतो म्हणायचा. घरी कपडे बदलायचे तर न्हाणीघराला कडी. मला वाटायचं, याला माझी किळस येते.

त्या दिवशी तो खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"कुणाच्या बाळाचं आहे हे?"

बाळ नाही, कधी नव्हतं, असं मी सांगितलं. मग दूध काय आभाळातून पडतं का, म्हणाला. रविवारपर्यंत नाव सांग, नाहीतर माहेरी जा, आणि का पाठवलं ते तुझ्या वडिलांना मीच सांगीन. माझे वडील साधे गृहस्थ, असलं ऐकून त्यांनी अंथरूण धरलं असतं. मला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. काही औषधं चालू आहेत का, त्यांनी विचारलं तर मी नाही म्हणाले. खोटं बोलत नव्हते. आमच्या घरी ती कॅप्सूल औषध नव्हतीच, दात घासावेत तशी ती घ्यायची. रक्त तपासलं तर दूध आणणारं हार्मोन भलतंच वाढलेलं. मेंदूत गाठ तर नाही ना, हे बघायला फोटो काढावा लागेल, म्हणाल्या. त्यांनी पुन्हा खोदून विचारलं: झोपेची, डोकेदुखीची, पित्ताची, काहीच नाही?

पित्ताची काय, सगळेच घेतात, मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाकीट आणायला सांगितलं. मी घरी आले, केराचा डबा उपसला आणि भाजीच्या सालींतून तो कागद शोधून नेला. त्यांनी बारीक अक्षरं वाचली.

"यात दोन औषधं आहेत. एक आम्ल कमी करतं, दुसरं पोटाची हालचाल वाढवतं. हे दूध बहुतेक त्या दुसऱ्यामुळे. बायकांची पाळीही जाते त्याने. पुरुषांची छाती वाढू शकते. घरात आणखी कोण घेतं?"

मी खुर्चीतून उठलेच.

रविवारी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. सासू म्हणाली, मीही रोज घेते, मला आलं का दूध? नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर काय, काहीही सांगतात."

म्हणजे याला कळलं होतं. माझ्या बोलण्यातून त्याला स्वतःच्या छातीचं कोडं सुटलं होतं, तरी हा मला बुडू देणार होता.

"शर्ट काढ," मी म्हटलं.

खांदा दुखतोय, म्हणाला. मी त्याच्या टी-शर्टची कड धरली आणि तो डोक्यावरून ओढून काढला. आत पट्टी होती, पाय मुरगळल्यावर बांधतात तसली, काखेपासून बरगड्यांपर्यंत घट्ट गुंडाळलेली. पिन मीच काढली. पट्टी सुटली आणि वयात येणाऱ्या मुलीची असावी तशी छाती बाहेर आली.

सासूच्या तोंडून हुंदका फुटला. "अरे बाळा, दुखतंय का रे? आईला सांगायचं नाही का?" तिने बरणी उचलली आणि केरात उपडी केली. दुकानदाराला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या. त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. उद्याच मोठ्या डॉक्टरकडे जाऊ, म्हणाली. त्याचं निघालं ते दुखणं. माझं होतं तेव्हा ते चारित्र्य होतं.

नवरा म्हणाला, लाज वाटत होती गं, म्हणून बोललो नाही. झालं गेलं विसर. सासूनेही मान डोलावली आणि मला चहा टाकायला सांगितलं.

मी दार लावलं नाही. त्याच्या आईच्या देखत, त्याच्या छातीकडे बोट करून विचारलं.

"कुणाच्या बाळाचं आहे हे?"

त्याने टी-शर्ट उचलून छातीशी धरला. सासू खाली बघायला लागली. मी आत जाऊन माझी बॅग भरली. वडिलांना कारण आता मीच सांगणार होते.