लाल नळाचं पाणी

बाकं आधीच आली होती. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर भिंतीला लावून, एकावर एक रचलेली. मागच्या गल्लीतल्या शाळेचं छत दुरुस्तीला काढलं, तिथल्या मुली आमच्याकडे धाडल्या, आणि तेव्हापासून आमच्या मुख्याध्यापिका सित इब्तिहाल रिकामी खोली शोधत फिरत होत्या. सित म्हणजे बाई, शिक्षिकेला आमच्याकडे असंच म्हणतात. त्यांच्या मते प्रयोगशाळा ही रिकामी खोलीच होती.

"तूच सांग, निब्रास, ऐनी," त्या मला म्हणाल्या. ऐनी म्हणजे माझे डोळे. हा शब्द त्यांच्या तोंडून आला की समजायचं, काहीतरी काढून घेणार आहेत. "मंत्रालयाच्या परीक्षेत प्रयोगाला एक तरी मार्क आहे? नाही ना? मग पोरींना व्हरांड्यात उन्हात बसवून मी ही कपाटं कुणासाठी जपू?"

"प्रयोग होतात इथे, सित."

"मग ते सित कौसरला दाखव. आज तुझा तास बघायला पर्यवेक्षिका म्हणून तीच येतेय. ती म्हणाली खोली वापरात आहे, तर राहू दे. नाही म्हणाली, तर बाकं आत."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. जाता जाता राखणदार अबू कर्रारला सांगताना ऐकलं, की आज सरकारी वीज चक्क आहे, तर शाळेत बटण असलेली प्रत्येक वस्तू चालू करून ठेव, बाहेरचं माणूस येतंय.

मी निवडलेला प्रयोग लाळेचा होता. महागडं काही लागत नाही. पिष्टाचं पातळ पाणी, मुलींच्या तोंडातली लाळ, आणि आयोडीन. लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं, ते पिष्टाचे तुकडे करतं. पिष्ट शाबूत असेल तर आयोडीनचा थेंब निळाकाळा होतो, तुकडे झाले असतील तर तपकिरीच राहतो. पण विकराचे नखरे फार. बर्फात ते आळसावतं, उकळत्या पाण्यात कायमचं मोडतं, आंबट झालं की हात आखडतं. आपल्या अंगाच्या उबेला मात्र मन लावून काम करतं. म्हणून चार नळ्या: एक बर्फात, एक सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात, एक उकळत्या पाण्यात, आणि एक कोमट पाण्यातच, पण सिरका घातलेली. लिंबू मी मुद्दाम टाळलं होतं, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं आणि मग काय बघतोय तेच कळत नाही. चारांतली एकच नळी तासाभरात तपकिरी व्हायला हवी होती. कोमट पाण्यातली.

घरी हे मी इतक्यांदा करून पाहिलं होतं की आई शेजारणीला सांगत होती, "पोरीला विद्यापीठात घातलं, आता ती माझ्या स्वयंपाकघरात थुंकत बसते." शाळेतही रंगीत तालीम नीट झाली होती. आज काही बिघडायचं कारणच नव्हतं.

सित कौसर आल्या, मागच्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि पंख्याकडे बघून म्हणाल्या, "चालू द्या." वयस्क बाई. चेहऱ्यावर राग नाही, उत्साहही नाही.

"लाळ कोण देणार?" मी विचारलं.

सगळ्या वर्गाने माना फिरवल्या.

"गुफरानची घ्या सित," मागून रुसुल म्हणाली. "ती पहिली येते. तिची लाळपण हुशार असेल."

"तुझीच दे," गुफरान म्हणाली. "वर्गात सगळ्यात जास्त तोंड तुझंच चालतं. साठा भरपूर असेल."

हशा पिकला. शेवटी रुसुलनेच दिली, कपात तोंड लपवून. मग पाणी घालून ती पातळ करायची, हेही काम तिच्याकडेच. मी तोवर तिन्ही पाण्यांचं तापमान मोजून फळ्यावर लिहीत होते. बर्फाचं, कोमट, उकळतं. सगळं जागच्या जागी होतं.

लाळेचं पाणी चारही नळ्यांत घातलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आयोडीनच्या थेंबांच्या ओळी मांडल्या. गुफरानने प्रत्येक नळीतला एकेक थेंब पहिल्या ओळीत टाकला. चारही निळे. असेच असायला हवे होते, सुरुवात होती.

थोड्या वेळाने दुसरी ओळ. चारही निळे.

"थांबू जरा," मी म्हणाले.

तिसरी ओळ. चारही निळे. घरी आईच्या बडबडीत जे एवढ्यात होऊन जायचं, ते इथे होईना. मी कोमट पाण्यात पुन्हा तापमापक बुडवला. सदतीस. नळी हलवली. आयोडीन बदललं. मनात म्हटलं, एरवी नाही, नेमकं आज? थेंब शाईसारखा काळानिळा. माझ्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता आणि मागच्या स्टुलावरून घड्याळ बघितल्याची बारीकशी बांगडी वाजली.

चौथी ओळ टाकताना गुफरानने माझ्याकडे बघितलं. मग फरशीकडे न बघताच खणखणीत आवाजात म्हणाली, "कोमट नळी तपकिरी झाली, सित!"

"हो, तपकिरी!" रुसुलने लगेच री ओढली.

"तपकिरी, तपकिरी," सगळा वर्ग म्हणाला. पाठ असल्यासारखा. पाठच होता, पुस्तकात तसंच छापलंय.

सित कौसर जागेवरूनच मान हलवून म्हणाल्या, "शाबास. म्हणजे विकराला शरीराची उब मानवते. छान." आणि पर्सची चेन ओढू लागल्या.

मला एवढंच करायचं होतं: गप्प बसायचं. दाराच्या काचेतून बाकांचे पाय दिसत होते. पण तो थेंब माझ्या डोळ्यांसमोर निळा होता. अख्खा वर्ग त्याला तपकिरी म्हणत होता आणि त्यातल्या एकीलाही त्यात वावगं वाटत नव्हतं. मग ही खोली वाचवून त्यात करायचं काय होतं?

"नाही," मी म्हणाले. "हा निळा आहे."



"सित निब्रास," सित कौसर समजुतीने म्हणाल्या, "पुस्तकात काय आहे?"

"तपकिरी."

"मुलींना काय येतं?"

"तपकिरी."

"मग झालं की."

"पण नळीत निळा आहे, सित."

त्यांनी सुस्कारा टाकला, उठल्या, टेबलाशी आल्या, चष्मा वर करून फरशी बघितली. "हं," म्हणाल्या. "निळा आहे खरा. का?"

का, तेच तर मला कळत नव्हतं. मी मुलींना पहिल्यापासून विचारायला लागले. पिष्ट कुणी केलं? ताजं आहे? नळ्या कशाने धुतल्या? साबण राहिला का? प्रत्येक उत्तर बरोबर होतं आणि प्रत्येक बरोबर उत्तरागणिक मी जास्त चिडत होते. शेवटी रुसुलकडे वळले.

"लाळेत पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचं."

"कुठल्या नळाचं?"

"लाल." तिने असं बघितलं जणू मी विचारलं, पाय कुठल्या बाजूला असतात.

बरोबरच होतं तिचं. बसऱ्यात उन्हाळा लागला की कोण निळ्या नळाला हात लावतं? गच्चीवरच्या टाकीतून तो थेट तापलेलं पाणी सोडतो. लाल नळाचं पाणी उन्हाळाभर बंद ठेवलेल्या विजेच्या बंबातून येतं, बंब घरात सावलीत असतो, म्हणून गार पाणी हवं की लाल नळ. लहानपणापासून हात आपोआप तिकडे जातो. तालमीच्या दिवशी मीही तेच वापरलं होतं.

मी लाळेच्या पाण्याचा चंबू उचलला आणि पटकन खाली ठेवला. तापमापक घातला. एवढा वेळ उघड्यावर राहूनही पाणी अठ्ठावन्न अंश होतं. नळातून पडताना किती असेल?

बंब चालू होता. बटण असलेली प्रत्येक वस्तू.

नळ्यांत जाण्याआधीच विकर मेलं होतं. बर्फ, कोमट, उकळतं, आंबट, सगळं नंतरचं. आम्ही चार ठिकाणी चार मढी ठेवून त्यातलं कुठलं कामाला लागतं ते बघत बसलो होतो. आणि तिन्ही पाण्यांचं तापमान फळ्यावर लिहिणारी मी, हे चौथं पाणी मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"रुसुल, हाताला गरम लागलं नाही?"

"लागलं की. चटकाच बसला."

"मग?"

"सित, मे महिना आहे," ती कळवळून म्हणाली. "मे महिन्यात पाणी गरमच असतं!"

सगळा वर्ग हसला. सित कौसरसुद्धा हसल्या. मला मात्र चंबू खिडकीतून फेकावासा वाटला.

"मी पुन्हा करते," मी म्हणाले. "बसा ना जरा. थोडाच वेळ लागेल."

"अगं, मला अजून दोन शाळा आहेत. उन्हं बघ किती चढली." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगली आहेस तू. करा पुन्हा, नक्की करा."

दारात सित इब्तिहाल उभ्याच होत्या. दोघी हळू बोलल्या, पण आमच्या शाळेची दारं नीट लागत नाहीत.

"पोरगी मेहनती आहे," सित कौसरचा आवाज आला. "पण प्रयोग झाला नाही. झाला असं मी म्हणणार होते, तिनेच म्हणू दिलं नाही. आता मी काय सांगू? तुमची खोली, तुम्ही ठरवा."

सित इब्तिहाल आत आल्या. पर्यवेक्षिकाबाईंची पावलं दूर जाईपर्यंत थांबल्या.

"एक शब्द गिळता आला नाही तुला? मुलींना कळलं, तुला नाही कळलं?"

"बंब तुम्ही चालू करायला लावलात, सित."

"बंब!" त्यांनी कपाळाला हात लावला. "चाळीस पोरी उन्हात बसल्यात आणि ही मला बंबाचं सांगते. बेल झाली की बाकं आत येतील."

त्या पोरी खरंच उन्हात बसल्या होत्या.

त्या गेल्यावर गुफरान म्हणाली, "आम्ही तुमच्यासाठीच बोललो होतो, सित." तिचे डोळे भरले होते, रागाने.

"माहीत आहे."

"मग?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते भाषण झालं असतं, आणि भाषण ठोकायची माझी लायकी आज तरी नव्हती. मी पिशवीतून माझी प्यायच्या पाण्याची बाटली काढून तिच्यासमोर आदळली. "मग पुन्हा. हे पाणी घे. आधी मोज."

तिने मोजलं. सव्वीस. रुसुल पुन्हा कपात थुंकली. या वेळी कुणी हसलं नाही, हसायची कुणाची इच्छाच नव्हती. पहिली ओळ, चारही निळे. दुसऱ्या ओळीत कोमट नळीचा थेंब जांभळट लाल पडला. तिसऱ्या ओळीत तो आयोडीनच्याच रंगाचा राहिला, साधा, पिवळट तपकिरी. बाकीचे तिन्ही निळे.

इतकं सोपं होतं. मला रडूच आलं. टाळ्या बिळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

गुफरान वाकून बघत राहिली. मग तिने बर्फातली नळी उचलून कोमट पाण्यात ठेवली, मला न विचारता. थोड्या वेळाने तिचाही थेंब तपकिरी.

"म्हणजे थंडीतलं नुसतं झोपलं होतं," ती म्हणाली. "उकळलेलं मेलं. मग सिरक्यातलं काय, सित? झोपलंय की मेलंय?"

पुस्तकात हे नाही. मी घरीही करून बघितलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणाले. "सोडा घालून आंबटपणा मारला तर कळेल. पण जपून, चिमटीभरच. सोडा जास्त झाला तर आयोडीन स्वतःच फिकं होतं, मग निळा नाही दिसला तरी फसू."

तिने लिटमसचा कागद बुडवत बुडवत सोडा घातला. कागद लालाचा जांभळा झाला तशी थांबली. नळी कोमट पाण्यात ठेवायला गेली, आणि बेल झाली.

अबू कर्रारने पहिलं बाक दारात आणलं. "बायांनो, सरका!"

"थांबा ना, अम्मू," गुफरान म्हणाली. अम्मू म्हणजे काका. "थोडंच राहिलंय."

"मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलंय, पोरी. मला कशाला मध्ये घालतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी सित इब्तिहालकडे जाऊन पुन्हा भांडू शकले असते. काय होणार होतं, तेही मला माहीत होतं. गुफरानने नळीला बूच लावलं आणि ती मुठीत घट्ट धरली.

"हातात असतं का तेवढं, सदतीस?"

"नाही, कमी पडतं. बगलेत धर."

"भूगोलाच्या तासाला?"

"हो. पडू देऊ नकोस. रुसुल, आयोडीन आणि ही फरशी तू घे. आधी एक थेंब लगेच टाक, म्हणजे सुरुवात कुठून झाली ते कळेल."

व्हरांड्यात सित इब्तिहाल समोरून येत होत्या. एक दंड अंगाशी आवळून, तिरकी तिरकी चालणाऱ्या गुफरानला त्यांनी वाट दिली आणि तिच्या पाठीकडे बघत मला विचारलं, "हिला काय झालं? दुखतंय का काही?"

"नाही सित," मी म्हणाले. "प्रयोग चालू आहे."

बाक दारात आडवं अडकलं होतं. अबू कर्रारला एकट्याला ते वळवता येत नव्हतं, म्हणून दुसरं टोक मी धरलं.