हजेरीतली शकुन

शकुनबाई दहावी पास झाली त्या दिवशी साकोलीजवळच्या त्या गावात दोन मतं पडली. एक मत असं, की टिकारामची बायको हुशार आहे. दुसरं असं, की टिकाराम भोळा आहे. दुसऱ्या मताची माणसं जास्त होती आणि ती पारावर बसणारी असल्यामुळे त्यांचा आवाजही मोठा होता. तीन लेकरांची आई, थोरला भोजराज कॉलेजात जायला लागलेला, आणि ही बाई सतरा नंबरचा फॉर्म भरून पोरापोरींच्या रांगेत पेपर लिहायला बसते म्हणजे काय! कोणी टिकारामला छेडलंच तर तो तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारायचा आणि म्हणायचा, की तिला थांबवणारा अजून जन्मला नाही आणि मी तर नुसता नवरा आहे.

पहिल्या खेपेला गणितात ती आपटली होती. मग तिची विमल, जी स्वतः नुकतीच दहावी झाली होती, ती आईची मास्तरीण झाली. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना बाकीच्या बाया गाणी म्हणत आणि ह्या मायलेकी सूत्रं म्हणत. बाया हसत. एकदा कोणीतरी म्हणालं, शकुनबाईनं लावलेल्या धानाला लोंब्यांऐवजी आकडे लागतील. शकुनबाई स्वतःही हसली, पण सूत्र सोडलं नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत गणितात एक्केचाळीस गुण मिळाले. त्या एक्केचाळिसासाठी तिनं अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

तिच्या या वेडाला एक जुनं मूळ होतं. तिचं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. बाप डोमा अंगठाबहाद्दर शेतकरी. तिचा धाकटा भाऊ भैय्याजी दुसरीतून जो उठला तो थेट नांगरापाठी गेला आणि बापानं त्याला अडवलं नाही. पण मुलीला त्यानं सातवीपर्यंत शिकवलं. त्या काळी, त्या गावात, मुलीला! सातवी पास होणारी ती आंबागडची पहिली मुलगी. चौदाव्या वर्षी लग्न झालं, पुढं चूल, बांधी, बाळंतपणं आली आणि सगळं राहून गेलं. पण बापानं मला शिकवलं हे ती कधी विसरली नाही. लेकरांना तिनं हे इतक्यांदा सांगितलं होतं, की ‘माझ्या बापानं’ एवढं तिनं म्हटलं की पुढचं वाक्य लेकरंच पुरं करत. दुसऱ्या बायकांकडे दागिने असतात, तिच्याकडे हे होतं. सासरी कोणी घालूनपाडून बोललं, की ती मनातल्या मनात तेच काढून बघायची.

भंडाऱ्याला बायकांना मास्तरकीचं शिक्षण देणारं एक विद्यालय होतं. खेड्यातल्या बायकांसाठी तिथं काही जागा राखून ठेवलेल्या होत्या. दोन वर्षं शिकायचं, मग शाळेत नोकरी. शकुनबाईनं फॉर्म आणला आणि विमलनं तो मोठ्यानं वाचला. वयाची अट होती पस्तीस. शकुनबाईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल होतं चव्वेचाळीस, म्हणजे सदतीस वर्षं होत होती. विमलचा चेहरा पडला, पण शकुनबाई बिनघोर होती. तिचा जन्म शेहेचाळीसचा, कार्तिकातला. आईच्या तोंडून तिनं ते शंभरदा ऐकलं होतं. जुन्या गुरुजींची तऱ्हा सगळ्यांनाच ठाऊक होती. पोराच्या उंचीकडं बघून ते जन्मतारीख ठोकून देत. अर्ध्या भंडारा जिल्ह्याच्या तारखा अशाच. कोतवालाच्या पुस्तकात मात्र खरी नोंद असते. त्यात गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण त्याच आठवड्यात चढवलं जाई. त्या नोंदीची नक्कल लावली की झालं.

मे महिन्याच्या उन्हात ती एकटीच तुमसरच्या तहसीलीत गेली. जुन्या पुस्तकांचा कारकून केशवराव म्हणून होता. वयस्क, सावकाश, पण माणूस चांगला. त्यानं आंबागडची पुस्तकं काढली, धूळ झटकली आणि बोट फिरवत बसला. कार्तिकातली, शेहेचाळीसची नोंद सापडली. ‘डोमा यास मुलगी.’ कोतवालाच्या पुस्तकात लेकराचं नाव नसे, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. शकुनबाईचा जीव भांड्यात पडला.

केशवराव मात्र अजून चाळतच होता. त्याला आणखी एक मुलगी सापडली होती, डोमाचीच, चव्वेचाळीस सालची. दाखल्यावरची तारीख हुबेहूब तिचीच. गुरुजींनी तारीख ठोकलेली नव्हती तर! मग त्यानं मृत्यूची पानं उलटली. मरणाच्या नोंदीत मात्र नाव लिहीत. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि पुस्तक तिच्याकडं फिरवलं. ‘शकुन, बाप डोमा, वय सहा, देवी.’ साल एक्कावन्न.

“बाई,” केशवराव हळूच म्हणाला, “या पुस्तकापरमानं तर तुमी तीस वर्साआधीच गेल्या. तुमची माय जिती असन तर तिले इचारा. मेली ते कोन अन तुमी कोन, हे तिनं लिहून देल्ल्याबिगर मले काई करता येनार नाई.”

तिथून आंबागडपर्यंत ती कशी आली हे तिला नंतर आठवलं नाही. बाप वारून वर्षं झाली होती आणि भैय्याजी तेंदूपत्ता मोजून घेतात त्या फळीवर गेला होता. तिची आई रंभाबाई अंगणात मांडवाखाली तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसली होती. सत्तरीला टेकलेली, पाठीत वाकलेली, पण हात अजून झपाझप चालत. शकुनबाईनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. समोर बसली आणि विचारलं, शकुन कोण होती.

रंभाबाईचे हात थांबले नाहीत. तिनं तो पुडा पुरा बांधला, बाजूला ठेवला आणि मगच बोलली.

“मोठी होती तुयावून. पहिलीत नाव टाकलं होतं तिचं. माघात देवी आल्या, पाच दिसांत गेली. गुरुजी घरी आले, म्हने, डोमा, आता नाव कापा लागते. मी पाय धरले त्याईचे. म्हनलं, नाव कापू नोका. लायनी पोरगी आहे ना घरी, ते येत जाईन.”

वासुदेवराव गुरुजी देवमाणूस होते. शिवाय शाळेचा पट कमी होणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. त्यांनी नाव कापलं नाही. घरात तोवर धाकटीला धुरपता म्हणत. पुढच्या आषाढात, पाचही पुरी नसताना, तिच्या हातात थोरलीची पाटी दिली आणि सांगितलं, की शाळेत शकुन म्हटलं की तू हाजिर म्हणायचं. लहान लेकरू ते, त्याला काय! वर्षभरात घरचेही शकुनच म्हणायला लागले. धुरपता कोणाला आठवली नाही, खुद्द धुरपतालासुद्धा नाही.

“मी रोज शाळेच्या भिताडामांगं उभी राहो,” रंभाबाई सांगत होती. “गुरुजी हजेरी घेत. शकुन डोमा म्हनलं का तू हाजिर म्हनस. तेवढं आयकलं का मी घरी येओ. मंग दिवसभर हात चाले कामाले.”

“किती दिस?”

“तू सातवी होयेवरी. तुया बाप म्हने, बस झालं आता, पोरगी मोठी झाली. म्याच म्हनलं, जाऊ द्या.”

शकुनबाईला विचारायचं नव्हतं. पण ते तोंडातून निघूनच गेलं.

“मंग मले शाळंत तिच्यासाठी धाडलं, माय?”

“हव,” रंभाबाई म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. तिनं पुढची पानं जुळवायला घेतली.

आयुष्यभर जपलेली गोष्ट आपली नव्हतीच, हे कळायला एक शब्द पुरला. बापानं हिला शिकवलं नव्हतं. हिला शिकवावंसं कोणालाच वाटलं नव्हतं. ती नुसती एका मेलेल्या मुलीच्या नावाला ओ देत होती. शकुनबाई म्हातारीवर रागावली, फार रागावली, आणि त्या वाकलेल्या पाठीकडं बघून तो राग कुठं ठेवावा हेही तिला कळेना. ती उठली, रांजणातलं पाणी तोंडावर मारलं आणि कामाचं तेवढं बोलली. मोठी मुलगी मेली असं लिहून त्यावर अंगठा द्यावा लागेल. तो दिला तर मला शिकायला मिळेल.

रंभाबाई पानं जुळवत राहिली. तीस वर्षांत तिनं ते वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. पोरगी पुरली त्या दिवशीही ती रडली नव्हती, असं भैय्याजी संध्याकाळी म्हणाला. तेव्हा तो तान्हा होता, पण मोठ्यांकडून त्यानं ऐकलं होतं; घरात मात्र ते कोणी काढत नसे. गावातल्या बायांनी पुष्कळ सांगितलं, की रड, मोकळी हो. ती म्हणाली, कायले रडू, तिचं नाव तर शाळंत चालू आहे.

सकाळी शकुनबाई उठली तेव्हा म्हातारी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून उंबरठ्यात बसली होती.

“चाल,” ती म्हणाली. “ते गेली ते गेली. तू तं आहेस. तुयं काऊन नुकसान करू?”

तहसीलीच्या आवारात कडुनिंबाखाली अर्जनवीस बसत. त्यांतल्या एकानं प्रतिज्ञालेख लिहिला आणि वाचून दाखवला. ‘माझी थोरली मुलगी शकुन ही सन १९५१ मध्ये देवीच्या आजाराने मयत झाली असून अर्जदार ही माझी धाकटी मुलगी धुरपता आहे.’ रंभाबाईनं त्याला मध्येच थांबवलं आणि विचारलं, मयत म्हणजे मेलीच ना. तो हो म्हणाला. तिनं अंगठा पुढं केला आणि इतका दाबून उमटवला, की शाई कडेनं फाकली. अर्जनवीस कुरकुरला. शकुनबाईला त्या क्षणी आईच्या पायाशी बसावंसं वाटलं. मला शाळेत कोणासाठीही धाडलं असो, आज ती माझ्यासाठी आली आहे, असं तिला वाटलं आणि कालचा राग ओसरला.

केशवरावनं कागद वाचला. मग तिचा दहावीचा दाखला मागितला. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्यानं पुन्हा वाचले. उठून आत नायब साहेबांकडं गेला, बऱ्याच वेळानं आला. म्हातारीला त्यानं व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं आणि मगच शकुनबाईशी बोलला.

“बाई, हे माह्या ध्यानात काल याले पायजे होतं. हा कागद लावला तं शकुन एक्कावन्न सालीच मेली. मंग सातवी पास केली कोनं? अन दहावी? धुरपताच्या नावानं तं पहिलीचाही दाखला नाई. अन हा कागद नाई लावला तं तुमी सदतीसच्या.”

तिनं विचारलं, काहीच मार्ग नाही का. तो म्हणाला, कोर्टात जाता येईल. दोन-तीन वर्षं तरी लागतील, आणि तोवर खरं वयही पस्तिशी ओलांडून जाईल. मग त्यानं तिच्यासाठी पाणी मागवलं. त्याच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं. दोन्ही कागद त्यानं नीट घडी करून तिच्या हातात दिले.

एस.टी. स्टँडवर दोघी सावलीला बाकावर बसल्या. रंभाबाईच्या अंगठ्यावर निळी शाई होती. ती लुगड्याला लागू नये म्हणून तिनं हात वेगळा धरला होता.

“झालं ना तुयं काम?” तिनं विचारलं.

शकुनबाईनं आईकडं पाहिलं. काय सांगणार होती? तुझ्या पोरीला तू हातानं मारलंस आणि ते फुकट गेलं?

“झालं, माय.”

“शाळंत घेतीन ना मंग?”

“घेतीन.”

“बस,” रंभाबाई म्हणाली. मग तिनं पदर तोंडाशी नेला, तो पुरेना, आणि ती जमिनीवर बसून मोठ्यानं रडायला लागली. बाया मढ्यापाशी रडतात तसं, नाव घेऊन घेऊन. माझी शकुन गेली वो, म्हणत होती. सहा वर्षांची होती वो, म्हणत होती. तीस वर्षांचं साचलेलं होतं, ते काही लवकर सरणारं नव्हतं. एस.टी.साठी थांबलेल्या बाया गोळा झाल्या. कोणी पाणी आणलं, कोणी म्हातारीची पाठ धरली. एकीनं शकुनबाईला विचारलं, कोण गेलं.

“माही मोठी बहीन.”

“कवा वो?”

“आज,” शकुनबाई म्हणाली आणि मग तिलाही रडू आवरेना. बायांना वाटलं बहिणीसाठीच रडते आहे. थोडं तिच्यासाठीही होतंच. एकीनं तिच्या मांडीवरची कागदांची पिशवी उचलून बाजूला ठेवली, आणि आंबागडकडची एस.टी. लागली तेव्हा दोघींना हाताला धरून आत बसवलं.