उपाशी बायकांचं भांडण

सान्वीचं घोडं अडलं होतं ते नव्वदी पार केलेल्या एका बाईच्या होकारावर. अबुधाबीच्या युनिव्हर्सिटीत तिनं कॉमिक काढायला घेतलं होतं, नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या इलोना आजींच्या आठवणीवर. आजी म्हणजे तिच्या प्रोफेसरबाईंच्या मावशी, राहायला बुडापेस्टला. व्हिडिओ कॉलवर सगळं सांगताना त्यांनी अट घातली होती, "मी हो म्हटलं तरच छापायचं." आणि पहिली पानं पाहून म्हणाल्या, "ही मी नव्हे." झालं, खलास!

आठवण अशी, की छावणीत पोटात अन्न नसताना बायका फळ्यांवर पडून एकमेकींना घरच्या पाककृती सांगायच्या. सान्वीनं त्या काढल्या होत्या माना खाली, डोळ्यांत पाणी, एक झाकावी नि दुसरी काढावी अशा.

"मम्मा, आय गिव्ह अप," म्हणत तिनं टॅब आईपुढे सरकवला. हेमा नुकतीच बँकेतून आली होती. तिनं चष्मा चढवला.

"अगं, चार बायका पाककृती सांगतायत आणि एकही मध्ये तोंड घालत नाही? शक्य तरी आहे का! चकलीच्या भाजणीत उडीद किती, यावरून तुझी अपर्णामावशी नि मी अख्खी दिवाळी अबोला धरला होता."

"मम्मा, दे वेअर स्टार्व्हिंग!"

"उपाशी होत्या, मुक्या नव्हत्या. तू सगळ्यांना नुसतं रडत ठेवलंयस. विचार की त्यांना, भांडायचात का म्हणून."

एवढं सोसलेल्या बाईला असलं कसं विचारायचं? सान्वीनं भीतभीतच विचारलं. आजी एकदम उसळल्या, "ती मॅग्दा! आलुबुखाराच्या डम्पलिंगला पिठात बटाटा नको म्हणायची! अक्कल नावाला नाही!" त्यानंतर त्या थांबेचनात.

सान्वीनं सगळी पानं नव्यानं काढली. मॅग्दा कोपरावर उठून बोट नाचवतेय, इलोनाचं तोंड फुगलंय, पलीकडची दालचिनीसाठी हटून बसलीय, चौथीला हसू आवरत नाहीये.

पुढच्या कॉलला सान्वीचा जीव टांगणीला लागला होता. मागे हेमा ओट्याशी उगाच भांडी हलवत होती.

सान्वीनं पाठवलेलं पान आजींनी डोळ्यांजवळ नेलं. "बटाटा हवाच," त्या पुटपुटल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"छाप पोरी. फक्त मॅग्दाला पुढे घे, मला मागे. ती परत आली नाही. भांडणात शेवटचा शब्द नेहमी तिचाच असायचा, तो तिलाच दे."