अर्ध्या तासाची झोप

मित्रांनो, कसबा बावड्यातल्या एका घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला सागवानी पाळणा म्हणजे मी. माझे वय झाले, पण सांधे अजून कुरकुरत नाहीत. पिराजी सुतारांनी एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचा पाडून मला जोडले. सोनूबाईंच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी या घरात आलो. त्यांची मुले मोठी झाल्यावर बरीच वर्षे पडून राहिलो. १९९८ च्या डिसेंबरात त्यांच्या सुनेला, प्रीतीला, मुलगा झाला आणि मला पुन्हा तुळईला टांगले.

बाळाचे नाव पृथ्वीराज. गुटगुटीत, हसरा, पण दिवसा अर्ध्या तासाच्या वर झोपेल तर शपथ! प्रीती घरी अभ्यास करून बी.ए.ची शेवटची परीक्षा देत होती. गरोदरपणात ती परीक्षा एकदा हुकली होती. आता एप्रिलमध्ये पेपर होते. बाळ निजले की ती पुस्तक उघडायची आणि एक पान होते न होते तोच माझ्या फळीवर त्याची टाच आपटायची. मग रडणे. असे दिवसातून चार वेळा.

शेजारच्या झुंबरबाई रोज बघत होत्या. एके दिवशी त्यांनी प्रीतीच्या हातात एक पुडी ठेवली.

"मोहरीएवढी अफू चाटव. तीन तास हलायचं न्हाय पोरगं."

प्रीतीने पुडी पदराला बांधली. दोन दिवस तिने ती सोडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पृथ्वीराज तिसऱ्यांदा उठला, तेव्हा तिने गाठ सोडली, सहाणेवर पाण्याचा थेंब टाकला आणि पुडीतली अफू उगाळू लागली. मित्रांनो, मला सगळे दिसत होते आणि ओरडता येत नव्हते.

तेवढ्यात सोनूबाई भाजी घेऊन आत आल्या. त्यांनी सहाण बघितली, वास घेतला आणि ती तशीच उचलून मोरीत धुतली.

"आत्याबाई, मी काय करू? माझं वरीस पुन्हा जातंय की!" प्रीतीला रडू फुटले.

सोनूबाई माझा काठ धरून उभ्या राहिल्या. "माझ्या पैल्या लेकीला असंच चाटवलं हुतं. मला रानात तण भांगलायला जायचं हुतं. ह्याच पाळण्यात निजली. उठलीच न्हाय."

हे खरे होते. त्या दिवसानंतर दोन वर्षे मला कोणी हात लावला नव्हता.

प्रीतीने पृथ्वीराजला छातीशी घट्ट धरले. मग सोनूबाईंनी डोळे पुसले. "कारखान्याचा भोंगा हाय व्हय त्यो, आपल्या वेळंवर वाजायला न् गप बसायला? लहान पोरं अशीच निजत्यात. तू वाच. मी बसतो हितं."

दुसऱ्या दिवसापासून सोनूबाई माझ्याजवळ पाट टाकून बसू लागल्या. बाळ रडून बेजार व्हायच्या आत, पहिल्या जांभईलाच त्याला माझ्यात निजवायचे, हे त्यांनी ठरवून टाकले. अर्धा तास होत आला की तो मुठीने नाक चोळतो, हेही त्यांनी हेरले. डोळे उघडण्याआधीच त्या त्याच्या छातीवर हात ठेवत आणि मला हळू झोका देत. कधी तो पुन्हा झोपे, कधी टक्क जागा होई. जागा झाला की त्याला कडेवर घेऊन त्या सरळ उसाच्या गाड्या दाखवायला बाहेर पडत.

प्रीतीनेही एका बैठकीत सगळे वाचायचा हट्ट सोडला. एका झोपेत एकच प्रश्न, पण तो पुरा. पेपरच्या दिवसांत ती केंद्रावर जाई तेव्हा मी आणि सोनूबाई पृथ्वीराजला सांभाळत होतो. तीन तासांत तो दोनदा झोपे, दोनदा उठे. कोणाचेच काही बिघडले नाही.

जूनमध्ये निकाल लागला. प्रीती पास झाली. पुढे दोन वर्षांनी तिला बालवाडीत नोकरी लागली. आणि गंमत ऐका, सहावा महिना सरला तसा पृथ्वीराज आपोआप दीड-दीड तास झोपू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हे बाळ असेल आणि ते सारखे उठत असेल, तर त्याला झोपवायचे औषध शोधू नका. ते वाढते आहे. तुम्ही शाळेतून आलात की दप्तर ठेवा, हात धुवा आणि बाळाजवळ बसा. आईला म्हणा, "तू जेवून घे. मी आहे इथे."