हसणारी चौकट

दवाखान्याच्या जिन्यात मुलीने दंड धरून "बाबा, आई गेली" म्हटलं, तेव्हा फ्रेमवाल्याच्या बोटांना दुकानातला सरस तसाच चिकटलेला होता. हात धुवायलाही तो थांबला नव्हता.

भेटायला आलेली माणसं पांगतात न पांगतात तोच मुलीच्या फोनवर निरोप सुरू झाले. 'आईची आठवण येते? तिला पुन्हा हसताना पाहा.' विजेवर चालणारी चौकट होती. फोटो दिला की आतलं माणूस मान हलवून हसतं म्हणे.

"यांना कुणी सांगितलं?" फ्रेमवाल्याने विचारलं.

जावई जाहिरातीच्या कंपनीत होता. त्याला विषयच हवा होता. "सांगावं लागत नाही, बाबा. ही फोनवर आईचे फोटो चाळत बसते, मृत्यूचा दाखला कुठे मिळतो ते शोधते, त्यावरून कळतं. गावभर बोंबलण्यात अर्थ नसतो. ज्याचं माणूस आत्ताच गेलंय, त्याच्याच कानाशी लागायचं. त्या दिवसांत कुणी नाही म्हणत नाही."

"गिधाडं बरी. त्यांना निदान घिरट्या तरी घालाव्या लागतात."

"तसं नाही हो. ही कल्पना माझीच आहे. बढती मिळाली त्यावर."

"वा, जावईबापू. सासू गेली आणि तुम्ही वर चढलात. घरातलं घरातच राहिलं."

मुलगी भांडी पुसत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "मी मागवलीय ती."

जावयाचा चेहरा उतरला. "अगं, ती आपण घ्यायची नसते."

"निरोप मला आला. मला वाटलं, माझ्यासाठीच आहे."



चौकट आली. मुलीने ती बाबांच्या खाटेसमोर टांगली आणि बटण दाबलं. बायको हसली. ओळीने पांढरेशुभ्र दात. तिचा पुढचा दात लग्नाआधीच अर्धा तुटला होता. जन्मभर ती तोंडावर हात घेऊन हसली. फोटोतही हातच असायचा. यंत्राने तो खाली घेतला होता आणि मागे कुणाचे तरी दात बसवले होते.

मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ही आई नाही."

जावई म्हणाला, "बहुतेकांना असे दात लावलेलं चालतं."

फ्रेमवाल्याने चौकट उतरवली, तिची वायर गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. "न्या. ज्यांना चालतं त्यांच्या कानाशी लागा."

मुलीने डोळे पुसले. "तुम्हीच करा ना, बाबा. साधी. हातवाल्या फोटोची."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं. लोकांच्या आईबापांच्या चौकटी त्याने आयुष्यभर केल्या होत्या, गप्पा मारत, चहा पीत. सागाच्या पट्ट्या कापल्या, कोपरे जुळवले, काच पुसली. फोटो पाकिटातून काढला आणि परत ठेवला.

चौकट तयार आहे. फोटो अजून आत बसवायचा आहे.