वाकवलेला चाप

पिस्तुलाचा चाप डावीकडे वाकवलेला होता, तापवून, मुद्दाम... त्यावर तर्जनी नीट बसत नसे, मधलं बोट मात्र नेमकं बसे. निजामाच्या फौजेतल्या कुण्या स्वाराची तर्जनी तुटली असणार, मग लोहाराला गाठून त्यानं पिस्तूलच आपल्या हाताजोगं करून घेतलं असणार — बद्रीनाथ गुरुजींना अशीच पिस्तुलं हवी असत, कुणाच्या तरी अधू हातासाठी बदललेली. उभ्या नोकरीत चार जमली होती, नळ्या बुजवलेली, रीतसर कागदांची. मास्तरला चिमणी मारवत नाही आणि शौक बघा, असं वाटूर गावात म्हणत.

आज खंडेनवमी. चारही पाटावर मांडली होती, आणि गुरुजींचा हात या एकावरच अडला होता. याच्या मुठीच्या पितळी टोपीवर त्या स्वारानं सुरीच्या टोकानं आपलं नाव कोरलं होतं, उर्दूत. एक मीम, म्हणजे ‘म’, तेवढा वाचता आला होता. बाकीचं परतूरच्या मौलवीसाहेबांना दाखवायचं ठरलं होतं... आणि अकरा वर्षांपूर्वी, अशाच खंडेनवमीला, ते बाजारातून झेंडू घेऊन आले तर टोपी सोन्यासारखी लखलखत होती. बायकोनं, चतुराबाईनं, चिंच-राख लावून घासघास घासली होती, आणि वरवर कोरलेलं ते नाव घासून गेलं होतं. शस्त्र म्हणजे सणाला लख्ख हवं, एवढंच तिला ठाऊक. कौतुकाच्या आशेनं ती दारातच उभी होती. आणि आपण — शेजारच्या बाया आरतीला जमलेल्या असताना — काय बोललो आपण? लकवा भरो तुझ्या हाताला.

रागाचं बोलणं, लोक बैलालाही बोलतात. पण यंदाच्या श्रावणात ती ताट वाढताना खाली बसली ती बसलीच, आणि उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले रक्तदाब. गुरुजींनी मान हलवली, पण मनाची समजूत पटली नाही.

"चतुरा," ते तिच्या खाटेकडे न बघताच म्हणाले, "तुला ध्यानात हाय का... मी मागं एकदा, या पिस्तुलावरून, तुला बोललो व्हतो?"



"तुम्ही का एकदा बोलले? कितीक ध्यानात ठेवू मी," ती म्हणाली. जीभ अजून जड होती. "चिंच भिजू घातली का? आना इकडं. डाव्या हातानं घासते."

"राहू दे गं."

"राहू कसं द्यायचं? सन हाय. का... मी हात लावल्यालं चालत न्हाई अजून?"

अजून, म्हणाली ती. म्हणजे आठवत होतं, सगळं, कदाचित शब्दन् शब्द... की नुसतं दटावणं आठवत होतं, आणि तो शाप आपल्या एकट्याच्याच डोक्यात राहिला होता? विचारायचं तर तो पुन्हा उच्चारावा लागणार. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाचं बोट कोणतं तुटलं होतं हे आपण छातीठोक सांगतो, आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोच्या मनात काय आहे ते... तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर किती बरं झालं असतं. पण ती डावा हात पुढे करून वाट बघत होती, आणि गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच तिची भीती वाटली.