बाजारात विकलेलं नाव

मी 'स्लाव' बोलतोय, पूर्व युरोपातल्या माणसांचं नाव. 'स्लोवो' म्हणजे शब्द. ज्यांना एकमेकांचं बोलणं कळतं ते स्लाव, असं काही पंडित सांगतात. बाकीचे नाक मुरडतात. मुरडू देत.

माझी माणसं दोरखंडांनी बांधून बाजारोबाजार विकली गेली. इतकी, की लॅटिनमध्ये माझा अर्थच गुलाम झाला. मग जर्मनांनी मला 'स्क्लावे' केलं, फ्रेंचांनी 'एस्क्लाव', इंग्रजांनी 'स्लेव्ह'. विकणारे साव ठरले आणि डाग माझ्या कपाळी आला. व्हेनिसवाल्यांनी तर कमाल केली. 'आपला दास' म्हणत लवता लवता मला झिजवून 'च्याओ' केलं. आता भेटताना, निघताना जो तो हात हलवून मला हसत उच्चारतो, आणि माझ्या अंगाची लाही लाही होते.

शंभरेक वर्षांपूर्वी इटलीच्या त्रिएस्ते शहरात वरच्या पठारावरून मार्युता दूध घेऊन येई. तिचा नवरा व्हेंत्सेल पाथरवट होता, दगडाची धूळ छातीत भरून गेला. त्यांच्या गावचे पाथरवट आपल्या थडग्याचा दगड जिवंतपणीच घडवून ठेवत. त्यानंही स्लोव्हेनियनमध्ये, म्हणजे माझ्याच एका भाषेत, कोरून ठेवलं होतं, 'इथे मार्युताचा व्हेंत्सेल निजला आहे.' इटालियन सरकारनं ती भाषाच बंद केली होती. हुकूम आला, अक्षरं तासून काढा.

हुकूम काढणाऱ्या साहेबाकडेच मार्युताचा रतीब होता. ती त्याच्या बायकोला, एर्सिलियाबाईंना म्हणाली, "साहेबांना सांगा ना, बाई. त्याच्या हातची अक्षरं आहेत."

बाईंनी आधी जिन्यातल्या शेजारणीला 'च्याओ' केलं. मग म्हणाल्या, "इटालियनमध्ये घाल की गं. मेलेला काय वाचायला उठणारे?"

"वाचायला मी जाते, बाई."

"स्च्यावा ती स्च्यावाच," बाई म्हणाल्या आणि दार लावलं. तीही मीच, गुलामीण.

मार्युता भांडली नाही. तिनं भांडावं असं मला फार वाटत होतं. दिरांना घेऊन तिनं दगड फिरवून बसवला, कोरी बाजू रस्त्याकडे, अक्षरं दफनभूमीच्या कुंपणाच्या भिंतीकडे. तपासनीस कोरा दगड पाहून खूश होऊन गेला. दर रविवारी ती फटीत हात घालून बोटांनी वाची. बोटांची सालं निघत.

ते सरकार गेलं. मार्युताही गेली. दगड अजून तसाच पाठमोरा आहे.

मला दया नको. 'च्याओ' खुशाल म्हणा. पण चार जणांनी हात लावून तेवढा दगड वळवा. तोंड लपवावं असं त्याच्यावर काहीही लिहिलेलं नाही.